आधी फोन कोण ठेवणार

८ फेब्रुवारी, रविवार

व्हॉल्वच्या खोलीतली पाणी सोडायची पेटी रोज लिहून ठेवते म्हणे, कोण आलं, कुणी पाणी मागितलं, कुणाला दिलं. पत्र्याच्या डब्याला जर दैनंदिनी असते, तर हरणाबाईला का नसावी? मी राणीला म्हटलं, उद्यापासून तू माझं लिहायचंस. ती म्हणाली, उद्या कशाला, आजच. म्हणून हे आज.

मला अक्षर येत नाही. मी बोलते, नात लिहिते. पण ही पोरगी माझं बोलणं इस्त्री करून लिहिते. मी "हाय" म्हटलं की ही "आहे" लिहिते. म्हटलं, कुणाशी बोलणं झालं ते तरी जसंच्या तसं ठेव. तेवढं कबूल झालंय.

आज पेटी पुन्हा अडून बसली. बनाबाईची पाण्याची पाळी होती. डाळिंबाला नुकतं फूल लागलंय, आटपाडीच्या या कोरड्या रानात आत्ता पाणी चुकलं तर फूल गळतं आणि साल जातं. बनाबाईच्या सुनेनं मोबाईलवर पाणी मागितलं, तर पेटी नुसती गप्प. मग लालासाहेबानं माणूस पाठवून पेटीची पिनच उपटली आणि पुन्हा घातली. पेटी जागी झाली, पण वरच्या शिवारात ज्यांचं पाणी चालू होतं त्यांचे व्हॉल्व तेवढ्यात मिटले. मग ते भांडायला आले. कुणाकडे? आमच्याकडे. कारण पेटी राणीनं केलीय.

लालासाहेब पाणी सोसायटीचा अध्यक्ष. मला काकी म्हणतो, पण तोंडात साखर आणि नजर दुसरीकडेच. दारात उभा राहून म्हणाला, "काकी, पोरगी हुशार हाय, न्हाई म्हणत न्हाई मी. पर पाणी म्हंजे काय शाळंतला परयोग न्हाई. बावीस तारखेला सभा हाय. तवर पेटी सुदरली न्हाई, तर काढून टाकू. पयल्यासारखा पाटकरी ठिवू."

पहिला पाटकरी त्याचा मेहुणाच होता. तो कुणाचा व्हॉल्व आधी फिरवायचा आणि कुणाला ताटकळत ठेवायचा, हे मी इथे लिहवून घेत नाही. वस्तीतल्या शेरडांनासुद्धा ते माहीत आहे.

मी म्हटलं, "लालासाहेब, च्या घेऊन जा."

"नको काकी, घाई हाय."

मेहुण्याला बातमी द्यायची घाई.

१० फेब्रुवारी, मंगळवार

राणी दिवसभर लॅपटॉपसमोर. सून जेवायला हाक मारून थकली. मी जाऊन शेजारी बसले. म्हटलं, मला नीट सांग, पेटीला झालंय काय?

तिनं सांगितलं ते मला कळलं तसं सांगते. पेटीच्या आत मोजक्याच जागा आहेत. कुणी मोबाईलवरून आलं की पेटी त्याला एक जागा देते, त्याला सॉकेट म्हणतात. तो पाणी मागतो, पेटी व्हॉल्व उघडते, बोलणं संपतं. मग ती जागा मोकळी व्हायला हवी. ती होत नाही. आलेला माणूस पाणी घेऊन निघून गेला तरी त्याची जागा अडलेलीच. अशा सगळ्या जागा अडल्या की पुढच्याला पेटी दारातच उभं करते.

"मग उटव की त्यांना."

"आज्जे, आसं मधीच उटवता येत न्हाई. त्याचं बोलणं संपलं न्हवतं आन मी जागा काढून घेतली तर? पलीकडनं 'माझं झालं' आसं याय पायजे. मग मी बंद करायचं. पलीकडनं ते येतच न्हाई."

"सवताहून न्हाई व्हत?"

"ह्या भाषेत न्हाई. सी हाय ही. हितं आपण उगडलं ते आपणच मिटायचं. मागनं कोण आवराय येत न्हाई."

"म्हंजे सासर हाय," मी म्हटलं.

हसली. बऱ्याच दिवसांनी. मलाही गंमत वाटली, मला एक अक्षर येत नाही आणि हिची अख्खी भाषाच एका अक्षराची.

मग मी विचारलं, "पलीकडनं म्हंजे कुटनं?"

"मोबाईलमदनं. ते आल्फियानं लिवलंय."

"मग इचार तिला."

राणी उठली आणि म्हणाली, डोकं दुखतंय.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज राग आलाय तो अल्फियाचा, आणि तो लिहून ठेवायचाय.

अल्फिया सांगलीची. राणीबरोबर कॉलेजात होती. गेला पावसाळा संपल्यापासून आमच्याकडेच राहून दोघींनी हे काम उभं केलं. पेटीतलं राणीनं लिहायचं, मोबाईलमधलं अल्फियानं. पोरगी मला आवडायची. माझ्या तव्यावरची भाकरी पलटायची तेव्हा बोटं भाजून घ्यायची, पण सोडायची नाही. माझ्या साध्या फोनात पाचाच्या बटणावर तिनं स्वतःचा नंबर घालून दिला. पाचावर टिंब असतं, बोटाला लागतं. म्हणाली, "आज्जी, डोळे मिटून दाबा, मी बोलंन."

आणि पेटीचं उद्घाटन झालं त्या संध्याकाळी पोरगी पिशवी घेऊन निघून गेली. मी मागच्या दारी होते. "येते" म्हणाली नाही. आमच्याकडे भांड्याला कल्हई लावणारासुद्धा "येतो आज्जी" म्हणून जातो. ही इतके महिने माझ्या हातचं जेवली आणि उंबऱ्यावरून तशीच गेली. त्यानंतर फोन नाही. आणि इकडे तिच्या कामामुळे माझी नात लोकांचे शब्द खातेय.

राणीला म्हटलं, फोन लाव, मी बोलते. तर म्हणते, जाऊ दे आज्जे.

जाऊ दे म्हणणाऱ्या माणसांचा मला फार राग येतो. हेही लिही.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. पोटात नुसते शेंगदाणे आणि रताळं. अशा दिवशी माझ्यापुढे कुणी येऊ नये.

लालासाहेब आला. बरोबर मेहुणा. मेहुण्यानं पेटीकडे बघून हात जोडले आणि म्हणाला, "म्हाद्येवा, हिला मुगती दे." चारजण हसले. राणीही तिथेच होती, पान्हा हातात धरून. तिनं मान खाली घातली.

मी म्हटलं, "का रं, तुला मुगती दिऊन आमी पेटी बशिवली, त्येचं दुक हाय व्हय?"

आता हसले ते जास्त होते. पण राणीनं मान वर केली नाही. माझी नात मान खाली घालणाऱ्यातली नव्हे. सहावीत असताना मास्तरांचं गणित चुकलं म्हणून फळ्यापाशी जाऊन उभी राहिली होती. आता तिला सांगता येतंय की चूक पलीकडची असेल, आणि ती सांगत नाही. काहीतरी गिळून बसलीय. मला वाटतं अल्फिया हिला काहीतरी वाईट बोलली असणार.

राणी हे लिहिताना थांबली. लिही म्हटलं. लिहिलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

हे लिहायला राणी तयार नव्हती. मी म्हटलं, लिहायचं नसेल तर मी वस्तीवर जाऊन ओरडून सांगते. बसली.

सकाळी राणी पेटीकडे गेली, सून रानात. मी अंगणात तांदूळ निवडत होते. फोन घेतला, पाचाचं टिंब चाचपलं आणि दाबलं.

"आज्जी!" एवढं गोड म्हणाली की राग क्षणभर घसरला. पुन्हा धरला.

"आज्जी म्हणू नगंस. आज्जीला न सांगता गेलीस. येते म्हणायची पद्दत न्हाई व्हय तुमच्यात?"

"हाय आज्जी. चुकलं माजं."

"चुकलं म्हणलं की झालं? हितं पोरीच्या नाकात दम आणलाय लोकांनी. तुजं काम अर्दवट टाकून गेलीस. सभंत पेटी काडणार हायेत. तुला फोन कराय काय लकवा भरला?"

"न्हाई आज्जी."

नुसतं नाही आज्जी, हो आज्जी. भांडायला समोरच्यानं थोडा तरी हात द्यावा लागतो. मी दमले. म्हटलं, "बरं. ठेव आता."

"तुमी ठेवा आज्जी."

"तू ठेव."

"हां आज्जी."

मी फोन सुपाशेजारी ठेवून दिला, त्याचा स्पीकर कायम चालूच असतो. मी कधी फोन कापत नाही. तांबडं बटण मला माहीत आहे, दाबत नाही. समोरच्याचं बोलणं संपलं की नाही हे आपल्याला काय दिसतं? त्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं होतं. ज्याला कापायचंय त्यानं कापावं. आणि त्या पोरीला घरात शिकवलेलं असणार, मोठ्या माणसाचा फोन आपण आधी कापायचा नाही.

म्हणजे कुणीच कापला नाही.

मी तांदळातला खडा टाकते तोच सुपाशेजारून शिलाई मशीनची घरघर आणि तिच्यावरून बोलणं ऐकू आलं. अल्फियाची आई, महेजबीन. त्यांच्या घरातल्या बोलीत बोलत होत्या, पण वडूजला माझ्या माहेरी शेजारच मुसलमान घरांचा होता, मला सगळं कळतं.

आई म्हणाली, "इतकं ऐकून घेतलंस. खरं का सांगितलं नाहीस त्यांना?"

अल्फिया म्हणाली, "काय सांगू अम्मी? बोर्डावर माझं नाव नव्हतं हे आज्जीला कसं कळणार, त्यांना वाचता येत नाही. ते राणीनं सांगायचं. राणी त्या बोर्डाखाली उभी राहून हार घालून घेत होती."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

उद्घाटनाचा तो मोठा फलक मी बघितला होता. लालासाहेबाचा फोटो बैलाएवढा. खाली राणीचा. बाकी अक्षरं. मी राणीला विचारलं होतं, "आल्फियाचं नाव कंचं गं?" आणि राणीनं एका ओळीवर बोट ठेवलं होतं. "हे बघ, हितं." मी त्या ओळीवरून हातसुद्धा फिरवला. मला बरं वाटलं होतं.

राणी आली. मी म्हटलं, बस. ज्या ओळीवर बोट ठेवलं होतंस त्या ओळीत काय लिहिलं होतं?

ती माझ्यासमोर खाली बसली.

"मंडप डेकोरेटरचं नाव, आज्जे."

मी तिच्या अंगावर कधी हात टाकलेला नाही, आजही टाकला नाही. पण जे बोलले ते सगळ्या आळीनं ऐकलं. म्हटलं, "लालासाहेबानं नाव गाळलं, ते कळतं मला. त्येला गावचीच पोरगी पायजे, एकटी पायजे, बोर्डावर शोभणारी. तू गप बसलीस, त्येबी एक येळ कळंल. पर मला फशिवलंस? माझ्या न वाचण्यावर बोट ठिवलंस? लोकं आंगट्यावर फशिवत्यात, तू बोटावर फशिवलंस."

राणी रडत म्हणाली, "बोर्ड मी त्याच दिशी बघितला आज्जे. सगळी टाळ्या वाजवत हुती. वाटलं रातच्याला सांगू आल्फीला, समजावू. तर ती निगूनच गेली. मग वाटलं, ती फोन करंल. तिनं केला न्हाई."

"तू केलास?"

"न्हाई."

"ती वाट बगती तू करशील, तू वाट बगतीस ती करंल. लगीन ठरल्यावाणी लाजतायसा व्हय गं?"

तेवढ्यात राणीची नजर सुपाशेजारी गेली. फोनच्या काचेवर आकडे पळत होते. ती म्हणाली, "आज्जे, ह्यो चालूच हाय."

"मी कापत न्हाई."

"आन त्यांनीबी न्हाई कापला."

ती फोनकडे बघत राहिली. रडणं थांबलं. हळू आवाजात, माझ्याशी नव्हे, स्वतःशीच म्हणाली, "पेटी वाट बगती फोन संपवंल. आन फोन वाट बगतोय पेटी संपवंल." मग फोन कानाला लावला. "आल्फी?"

पलीकडे शिलाई मशीन थांबली. अल्फियाचा आवाज मला लांबूनही ऐकू आला.

"ऐकतीय मी. मगापासनं."

दोघी काय बोलल्या ते मी लिहवून घेत नाही. पहिलं बरंच भांडण होतं. "माफ कर" माझ्या कानावर आलं, ते राणीचंच होतं, एवढं मात्र लिही. नंतर सगळं त्या एका अक्षराच्या भाषेतलं. माझा रिचार्ज संपेपर्यंत बोलल्या.

माझा राग गेलेला नाही. ही आता हे खरं लिहितेय की नाही, मला कळणार नाही. ही लिहील ती पूर्व दिशा. रागाचं कारण तेच आहे, बाई. ते समजून घे आणि वही मीट.

२१ फेब्रुवारी, शनिवार

अल्फिया आली. एसटीतून उतरून उन्हातून चालत आली, आणि मी पाणी पुढे केलं तर म्हणते, "रोजा हाय आज्जी."

"मग उन्हाचं कशाला आलीस? मरतीस का?"

"तुमी बोलावलं न्हाईसा म्हणून आले."

मी हसायचं नाही ठरवलं होतं. मोडलं.

दोघी दिवसभर व्हॉल्वच्या खोलीत. मी दाराशी पोतं टाकून बसले, कारण या दोघींना एकत्र सोडायचा मला धीर नव्हता. आधी दोघी एकमेकींशी एवढ्या अदबीनं बोलत होत्या की मला चीड आली. मग अल्फिया ओरडली, "आगं, तू वाचून शून्य आलं, म्हंजे पलीकडचं संपलं, तरी बंद करत न्हाईस!" आणि राणी ओरडली, "तुजं शून्य येतंय कवा? तू पाठवतीस कुटं!" तेव्हा मला बरं वाटलं. भांडण जागेवर आलं होतं.

मला अल्फियानं समजावलं. आता मोबाईलनं पाणी मागून झालं की तो आपण होऊन सांगणार, माझं बोलणं संपलं. त्याला शटडाऊन म्हणतात. पण तेवढ्यावर जागा सुटत नाही. मग पेटी आपलं उरलेलं सांगणार, आणि तेही झालं की म्हणणार, माझंही संपलं. मग दोघंही आपापलं मिटणार. आणि कुणाच्या मोबाईलची रेंजच गेली, ओढ्याच्या खोलगट भागात नेहमी जाते तशी, तर पेटी थोडा वेळ बघणार आणि जागा मोकळी करणार. जन्मभर वाट बघत बसणार नाही. व्हॉल्वला धक्का लागणार नाही, पाणी चालूच राहणार.

"हे आधी का न्हाई केलं?"

दोघी एकमेकींकडे बघू लागल्या. राणी म्हणाली, "मला वाटलं ही करंल." अल्फिया म्हणाली, "मला वाटलं ही."

"हे शेवटी शेवटी बसून ठरवायचं राह्यलं हुतं, आज्जी," अल्फिया म्हणाली. "उद्घाटन झाल्यावर बसणार हुतो."

उद्घाटन झाल्यावर काय झालं ते मला आता माहीत आहे.

दिवस मावळला तेव्हा सुनेनं खजूर आणि डाळिंबाचे दाणे काढून ठेवले होते. मी ताट उचलून पोरीच्या पुढ्यात ठेवलं. राणी स्वतःचं ताट घेऊन तिच्याशेजारी बसली, दुपारी तीही जेवली नव्हती. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

सभा. बायका मागे बसतात. मी पुढे बसले. गुडघे दुखतात म्हटलं की कुणी उठवत नाही.

लालासाहेबानं सुरुवात केली, पेटीनं लोकांचे किती हाल केले, पाणी हा जिव्हाळ्याचा प्रश्न आहे, वगैरे. मेहुणा धुतलेली टोपी घालून तयार.

राणी उभी राहिली. मान वर. म्हणाली, "पेटी आडली ती आमच्या चुकीनं. पेटीनं जागा मोकळ्या करायच्या का मोबाईलनं, हे आमी दोघींनी ठरवलंच न्हवतं. आता ठरवलंय, आन केलंय. दोघी म्हंजे मी आन ही आल्फिया. निम्मं काम हिचं हाय. उद्घाटनाला बोर्डावर हिचं नाव न्हवतं आन मी त्याखाली गप हुबी राह्यले. त्ये पेटीपेक्षा मोटं चुकलं."

लालासाहेब हसून म्हणाला, "बरं बरं, त्ये तुमचं मैतरणींचं. हितं पाण्याचं बोला."

तेव्हा मी उठले. "मैतरणींचं न्हाई लालासाहेब. बोर्ड तू लिवून घेतलास. मंडपवाल्याचं नाव त्यात मावलं, आन जिनं काम केलं तिचं मावलं न्हाई? का तिचं नाव वाचून लोकांच्या डोळ्यात कायतरी गेलं आसतं?"

"काकी, तुमाला वाचता येत न्हाई, कशाला—"

"न्हाई येत. तुला येतं, तरी तुला दिसलं न्हाई."

मागून बनाबाई मोठ्यानं हसली. मग ती उभी राहिली आणि म्हणाली, "लांबड नगं. समद्यांनी एकदम मोबाईल काडा आन पेटीला मागा. आडली तर काडा, न्हाई आडली तर ठिवा."

सगळ्यांनी काढले. मेहुण्यानंसुद्धा. काहीजणांना जरा थांबावं लागलं, मग जागा झाली. पुन्हा मागितलं, पुन्हा झालं. माणसं पोरांसारखी मागत सुटली. पेटी एकेकाचं ऐकत होती, निरोप देत होती, पुढच्याला घेत होती. शेवटी बनाबाईची पाळी म्हणून तिचा व्हॉल्व उघडला आणि तिच्या सुनेनं बांधावरून फोन केला, "आत्याबाय, पानी आलं!"

पेटी राहिली. मेहुण्यानं टोपी काढून खिशात घातली.

२५ फेब्रुवारी, बुधवार

खोलीच्या भिंतीवर रंगाऱ्याकडून नावं लिहून घेतली. दोघींची. राणीनं माझं बोट धरून एका ओळीवर ठेवलं, "हे आल्फियाचं." मी मान हलवली. ती गेल्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या तिघांना वेगवेगळं थांबवून विचारलं. तिघांनीही तेच वाचलं. राणीला हे आत्ता लिहिताना कळतंय. कळू दे.

दुपारी अल्फिया निघाली. उंबऱ्यावर थांबली. "येते, आज्जी." मी वळणापर्यंत गेले. गुडघे आज मधे आले नाहीत.

परत आले तर फोन वाजत होता. लालासाहेब. "काकी, भिंत बगितली. छान झालीय. पर मी काय म्हणतो, पेटी आणायची कल्पना मुळात आमचीच हुती का न्हाई? म्हंजे आल्फियाच्या नावाच्या खाली, बारीक अक्षरात, 'संकल्पना' आसं लिवून माजं—"

माझं सगळं ऐकून झालं होतं. त्याचं संपलं नव्हतं, आणि संपणारही नव्हतं.

मी तांबडं बटण दाबलं.

राणी बघतच राहिली. "आज्जे! त्येचं बोलणं अर्दं राह्यलं की!"

"राहू दे. जागा तर सुटली."

आता तू वही ठेव. नको, थांब. आज मी ठेवते.